पुस्तक हातात देण्यापूर्वी

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य एकच आहे: "बाई, काहीतरी चांगलं द्या ना वाचायला." म्हणणारा कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी बाजारची पिशवी खांद्याला लावून आलेली गृहिणी, कधी बारावीची परीक्षा संपवून आलेला मुलगा. प्रत्येकाचं 'चांगलं' निराळं. ते ओळखायचं तर टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाने स्वतः भरपूर वाचलेलं असावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वीसहून अधिक वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करते आहे. या कामाबद्दल माझं पक्कं झालेलं मत हेच, की ग्रंथपालाने वाचलं पाहिजे. नोंदवह्या, वर्गणीच्या पावत्या, अनुदानाचे तक्ते हे सगळं करायचंच आहे. पण ग्रंथपालच वाचत नसेल तर वाचनालय हे पुस्तकांचं गोदाम होतं.

मला वाचायची गोडी लागली ती 'किशोर'मुळे. बालभारतीने 1971 साली सुरू केलेलं हे मासिक आमच्या गावच्या शाळेत येत असे. शाळेत वेगळं ग्रंथालय नव्हतं. एक लोखंडी पेटी होती आणि तिची किल्ली गुरुजींच्या टेबलाच्या खणात असायची. शनिवारी पेटी उघडायची आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने न्यायचं. 'गोट्या', 'श्यामची आई', 'फास्टर फेणे' अशी पुस्तकं त्या पेटीतून घरी आली. घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती, पण वाचत बसलेल्या मुलीला कामासाठी उठवायचं नाही एवढी समज आईकडे होती. लग्नानंतर या गावी आले तेव्हा वाचनालयाची सभासद झाले. पुढे ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आणि जिथे वाचक म्हणून येत होते तिथेच नोकरीला लागले.

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी आमची वेळ. दार उघडण्याआधी दोन-तीन पेन्शनर पायरीवर उभे असतात. वर्तमानपत्रं लाकडी स्टँडवर लावायची, आदल्या दिवशी परत आलेली पुस्तकं जागच्या जागी ठेवायची, मग टेबलावर बसायचं. नऊपर्यंत पेपर वाचणाऱ्यांची गर्दी असते. त्यानंतर मुलांना शाळेत सोडून आलेल्या बायका येतात. संध्याकाळी नोकरदार आणि दुकानदार. या मधल्या वेळांत मी वाचते. बऱ्याच जणांना वाटतं, ग्रंथपाल दिवसभर पुस्तकांतच असतो तेव्हा त्याला वाचायला वेळच वेळ. तसं अजिबात नाही. कोणत्याही नोकरदार माणसासारखा मलाही वाचनाचा वेळ काढावाच लागतो.

माझी पद्धत अशी आहे. एक घरचं पुस्तक, एक टेबलाचं पुस्तक आणि एक प्रवासाचं. घरचं पुस्तक म्हणजे कादंबरी किंवा मोठं चरित्र. ते पहाटे नळाला पाणी येण्याआधी आणि रात्री जेवणं आटोपल्यावर. पहाटेच्या त्या वेळात कोणी हाक मारत नाही, म्हणून सलग विचार मागणारं जे काही असेल ते तेव्हाच वाचते. टेबलाचं पुस्तक असं निवडायचं की मध्येच बाजूला ठेवलं तरी धागा तुटू नये. कथासंग्रह, पत्रसंग्रह, लेखसंग्रह त्यासाठी उत्तम. चार पानं झाली की कोणीतरी परत करायचं पुस्तक पुढे सरकवतं, त्यांच्याशी बोलून झालं की पुन्हा पाचव्या पानावर यायचं. आणि प्रवासाचं पुस्तक पातळ हवं. जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला जाताना एसटीत मी अशी कितीतरी पुस्तकं संपवली. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' अशीच वाचली. 1939 सालची, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडणारी ती लहानशी कादंबरी आमच्या कपाटात दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दबून गेली होती. ती वाचून झाल्यावर मी ठरवलं, की पातळ पुस्तकांकडे आपण मुद्दाम लक्ष द्यायचं. वाचक सहसा पुस्तकाची जाडी बघून हात घालतात, आणि त्यात फार मोलाची पुस्तकं मागे राहतात.

नवं पुस्तक आलं की ते माझ्या हातून अनेकदा जातं. बिलाशी ताडून बघायचं, दाखल नोंदवहीत चढवायचं, दाखल क्रमांक घालायचा, ठरलेल्या पानांवर शिक्का मारायचा, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, आत तारखेचा कागद लावायचा. या प्रत्येक टप्प्यावर मी त्यातलं काहीतरी वाचते. आधी अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना, मग मधलं एखादं पान, मग सुरुवातीची दहा-बारा पानं. सगळी पुस्तकं कोणालाच पूर्ण वाचता येत नाहीत. पण प्रत्येक पुस्तकाची भाषा कशी आहे, ते कशाबद्दल आहे, त्याचा वेग काय आहे, हे एवढ्यावरून कळतं. त्यातली जी सोडवत नाहीत ती घरी येतात.

घरी एक वही आहे. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाची मी तिच्यात नोंद करते. ही टिपणं समीक्षेची नाहीत. पुस्तकाचं नाव, लेखक, आणि त्याखाली एकच गोष्ट: हे कोणाला द्यावं. 'नव्याने वाचायला लागलेल्यांना.' 'शेती करणाऱ्या मुलांना.' 'ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांना देऊ नये.' 'सासूबाईंना आवडेल, सुनेला त्याहून जास्त.' अशा नोंदींनी वह्या भरल्या आहेत. कोणी टेबलापाशी येऊन 'काहीतरी चांगलं' मागितलं की या नोंदी मला आठवतात. वाचताना आपण एकटे नसतो, हे मला या वहीने शिकवलं. एखादं पान वाचताना अमुक माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि पुस्तक कधी संपतं आणि त्याला कधी देते असं होऊन जातं.

आमच्याकडे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर येत असत. ते फक्त बाबूराव अर्नाळकर वाचत. झुंजार, धनंजय, काळापहाड हे त्यांचे जिवाभावाचे लोक. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण आमच्याकडे होत्या तेवढ्या ड्रायव्हरकाकांनी संपवल्या आणि मग दुसऱ्यांदा सुरुवात केली. रहस्यकथा वाचणाऱ्याला कमी लेखणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. पुस्तक हातात धरून शेवटच्या पानापर्यंत जायची सवय महाराष्ट्रातल्या असंख्य माणसांना अर्नाळकरांनी लावली, हे मोठं काम आहे. पण काकांशी बोलताना कळलं की त्यांची बरीचशी नोकरी दहिवडी-म्हसवड बाजूला झाली होती. तेव्हा मी त्यांना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. माणदेशातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर रुजू झालेल्या तरुण मास्तराची ती कादंबरी 1955 सालची आहे. काका दोनच दिवसांत परत आले. म्हणाले, "बाई, ही माणसं मी गाडीत बसवलेली आहेत. ह्यातल्या कितीकांनी मेंढरासकट चढायसाठी माझ्याशी भांडण केलंय." त्यानंतर त्यांनी 'माणदेशी माणसं' नेलं, मग माडगूळकरांचं मिळेल ते. अर्नाळकर त्यांनी सोडले नाहीत. दोन्ही चालू राहिलं, आणि ते तसंच असायला हवं.

बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "जाड द्या. पंधरा दिवस पुरलं पाहिजे." मी 'मृत्युंजय' दिलं. शिवाजी सावंतांची ही कर्णावरची कादंबरी 1967 साली आली, आणि आजही आमच्याकडे तिची प्रत जागेवर क्वचितच सापडते. तिला बाइंडिंगला पाठवायचं म्हटलं तरी वाचक थांबायला तयार नसतात. ताईंनी ती वाचली, मग 'ययाति', मग 'स्वामी'. पुढे एकदा मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने आपल्या आयुष्याची हकीकत किती मोकळेपणाने आणि किती ताकदीने सांगितली आहे! पती ना. वा. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, नंतरचं एकत्र येणं, पोरकी मुलं पोटाशी धरणं, हे सारं त्या कसलाही आव न आणता सांगत जातात. ताईंनी ते पुस्तक पंधरा दिवसांत परत केलं नाही, मुदत वाढवून घेतली. त्यांच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना त्या रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवत होत्या. त्या मुलींपैकी काही जणी नंतर सभासद झाल्या. एका पुस्तकाने एवढं केलं.

आता आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी असते ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळपासून जागा धरून बसतात. त्यांच्याकडे स्वतःची पुस्तकं असतात. आमच्याकडून त्यांना हवी असते टेबल-खुर्ची, दिवा आणि शांतता. त्यातल्या एका मुलाने मला स्पष्टच सांगितलं होतं, की मॅडम, अवांतर वाचायला वेळ नाही. त्याचं कुटुंब कोयना धरणात गेलेल्या गावातलं. घरात धरणाचा विषय निघाला की आजोबा उठून बाहेर जात, एवढंच त्याला ठाऊक होतं. मी त्याला विश्वास पाटलांची 'झाडाझडती' दिली. धरणग्रस्तांच्या फरफटीवरच्या या कादंबरीला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. पुरस्काराचं सांगितलं म्हणूनच बहुधा त्याने ती नेली. नंतर तो टेबलापाशी येऊन बराच वेळ बोलत राहिला. पुस्तक वाचल्यावर त्याने आजोबांना जुन्या गावाबद्दल पहिल्यांदा विचारलं होतं, आणि आजोबांनी उत्तर दिलं होतं. देऊळ कुठे होतं, शेत कुठे होतं, नवी जमीन कशी मिळाली, तिथल्या लोकांनी कसं वागवलं, सगळं. परीक्षेच्या अभ्यासात 'पुनर्वसन' हा त्याच्यासाठी एक मुद्दा होता. आता त्याला त्यामागचा माणूस दिसला होता. उद्या तो अधिकारी झाला तर ते वाचन कुठेतरी उपयोगी पडेल, अशी मला खात्री वाटते.

दिलेलं प्रत्येक पुस्तक आवडतंच असं नाही, आणि आवडलंच पाहिजे असंही नाही. दया पवारांचं 'बलुतं' एका ज्येष्ठ सभासदांनी चिडून परत केलं होतं. असलं कशाला ठेवता, असा त्यांचा सवाल. मी त्यांना 'बलुतं' आलं त्या काळाबद्दल सांगितलं. 1974 साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने 1978 साली ते प्रसिद्ध केलं, आणि मराठीत आत्मकथनांचा एक नवा प्रवाह जोरात वाहू लागला. त्यांनी ऐकून घेतलं, पण पुस्तक काही पुन्हा नेलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांच्या सूनबाई आल्या आणि तेच पुस्तक मागितलं. घरात एवढा राग कशावर निघाला ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, मग लक्ष्मण मानेंचं 'उपरा' वाचलं. वाचनालयात एखादं पुस्तक असणं महत्त्वाचं ते यासाठी. ज्याला नको आहे त्याने न्यायचं नाही, पण ज्याला हवं आहे त्याला ते कपाटात मिळालं पाहिजे. पुस्तक अर्धवट सोडून परत आणणाऱ्याला मी कधीही 'का सोडलंत' असं विचारत नाही. 'आता दुसरं काय देऊ' एवढंच विचारते.

मी लागले तेव्हा आमची कपाटं काचेची आणि कुलपाची होती. छापील यादीतून नंबर शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा, शिपाई कपाट उघडून पुस्तक आणून देणार. कार्यकारी मंडळाला चोरीची भीती होती. बऱ्याच चर्चेनंतर आम्ही कुलपं काढली आणि वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. परिणाम काही महिन्यांतच दिसला. ज्या पुस्तकांच्या तारखेच्या कागदावर वर्षानुवर्षं शिक्का पडला नव्हता ती घरोघर जाऊ लागली. माणूस एका पुस्तकासाठी कपाटापाशी जातो आणि शेजारचं घेऊन येतो, हे आम्ही रोज पाहू लागलो. वार्षिक मोजणीत काही पुस्तकं कमी भरली, पण ज्या प्रमाणात वाचन वाढलं त्याच्यापुढे ती तूट काहीच नव्हती.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. अभ्यासक्रमात आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथालाही त्याचा वाचक भेटला पाहिजे, हा त्यांचा आग्रह किती व्यवहारातला आहे ते कुलपं काढल्यावर उमगलं. आमच्याच जिल्ह्यात पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार 4 मे 2017 रोजी 'पुस्तकांचं गाव' म्हणून सुरू झालं. तिथे लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत, कोणीही यावं आणि बसून वाचावं. परक्या माणसाला घरात घेऊन पुस्तक वाचू देणारे गावकरी पाहिले की कुलपाच्या कपाटांचा काळ कायमचा सरला पाहिजे असं वाटतं.

पुस्तकांवर प्रेम करायचं म्हणजे त्यांची निगाही राखायची. आमच्याकडे पाऊस भरपूर. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कागद सर्द होतो, कसर लागते. वाळवीचा धोका तर बाराही महिने असतो. म्हणून कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवायची, खालचा खण रिकामा सोडायचा, उन्हाळ्यात एकेक कपाट रिकामं करून पुसायचं, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. फाटलेली पुस्तकं बाइंडरकडे जातात. आमचे बाइंडर जुन्या वळणाचे आहेत. हाताने शिवतात, आणि पान कापताना छपाईला धक्का लागणार नाही याची काळजी घेतात. बाइंडिंग होऊन आलेलं पुस्तक पुन्हा काही वर्षांचं आयुष्य घेऊन येतं. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची असंख्य पुस्तकं पाण्यात गेली तेव्हा आम्हा सगळ्या ग्रंथपालांच्या पोटात कालवलं होतं. छापून बाजारात असलेलं पुस्तक पुन्हा घेता येतं. पण जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड, दुर्मीळ प्रती एकदा गेल्या की गेल्या. ज्यांच्याकडे असे जुने खंड आहेत त्यांनी त्यांचं डिजिटायझेशन लवकरात लवकर करून घ्यावं.

वर्षातला सगळ्यांत आनंदाचा काळ दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. एका सणाच्या निमित्ताने शेकडो अंक निघावेत आणि त्यांतून कथा, कविता, दीर्घ लेख, व्यंगचित्रं हे सगळं घरोघर पोचावं, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगावा. आमच्याकडे दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. वेगळी वर्गणी भरायची आणि मग अंक बदलून न्यायचे. गठ्ठे आले की मी आणि माझी सहकारी कव्हरं घालायला बसतो. पहिल्या आठवड्यात 'आवाज' आणि राशिभविष्याचे अंक जागेवर दिसत नाहीत. 'मौज', 'अक्षर', 'साधना' यांचे वाचक ठरलेले. ते फोन करून विचारतात. अंक उन्हाळ्यापर्यंत फिरत राहतात. त्या काळात वाचक एकमेकांशीही बोलतात: अमुक अंकातली अमुक कथा वाचलीत का, तो लेख चुकवू नका. वर्षभर गप्प राहणारे सभासदसुद्धा दिवाळी अंकांवर बोलतात. नव्या लेखकांची नावं मला इथेच पहिल्यांदा भेटतात, आणि पुढे त्यांचं पुस्तक आलं की ग्रंथनिवड समितीपुढे आग्रहाने मांडता येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बालविभाग भरतो. मुलांना उपदेश करून वाचायला लावता येत नाही, हे मी ठामपणे सांगते. 'मोबाइल सोड, पुस्तक वाच' असं म्हणणाऱ्या आईबापांच्या घरात स्वतः आईबाप वाचत नसतील तर मूल कशाला वाचेल? आम्ही दर शनिवारी मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो. फुरसुंगीचा बनेश फेणे संकटात सापडला की बरोबर तिथे थांबायचं. पुढचं कळायला पाहिजे तर पुस्तक घरी न्यायचं. भा. रा. भागवतांचा हा नायक इतक्या वर्षांनीही मुलांना सायकलवर मागे बसवून घेऊन जातो. वाचून दाखवणं हा वाचक घडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. सुट्टी संपल्यावर सगळी मुलं टिकत नाहीत. जी टिकतात ती दहावी-बारावीत दिसेनाशी होतात, आणि त्यातली काही पुढे लेकरू कडेवर घेऊन परत येतात.

परिस्थिती कठीण आहे, हे खरं आहे. देवघेव पूर्वीइतकी राहिलेली नाही. संध्याकाळी पुस्तक बदलायला येणाऱ्यांपैकी बरेच जण साठीच्या पुढचे असतात. छोट्या गावांतल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना मिळणारं वेतन एवढं कमी आहे की त्यावर घर चालत नाही, आणि अनुदान वेळेवर आलं नाही तर नवी खरेदी अडते. तरीही मी निराश नाही. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेडोपाडी ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. त्याच्याही कितीतरी आधी, 1828 साली रत्नागिरीत, 1840 साली नाशकात, 1848 साली पुण्यात वाचनालयं सुरू झाली होती. इतका जुना वारसा असलेली गोष्ट एका पिढीच्या दुर्लक्षाने मरत नाही. पण दुर्लक्ष मात्र आपल्याकडून होता कामा नये. मोबाइलवर, ई-बुकवर वाचणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कानाने पुस्तक ऐकणारे आमचे डोळे अधू झालेले सभासदही वाचकच आहेत. माणूस कशावर वाचतो याला महत्त्व नाही. सलग अर्धा तास एका लेखकाचं म्हणणं ऐकून घेतो की नाही, याला आहे.

वाचून मला काय मिळालं, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. मी या गावाबाहेर फारशी राहिलेली नाही. तरी टस्कीगीच्या प्रयोगशाळेत भुईमुगावर काम करणारा कार्व्हर मला वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मधून भेटला, आणि मी तो शेतीच्या पदविकेला असलेल्या कितीतरी मुलांच्या हाती दिला. आयुष्यात अडचणी आल्या तेव्हा आपल्याआधी कोणीतरी यातून गेलं आहे हे पुस्तकांनी सांगितलं. आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल घाईने मत बनवू नये, हे पुस्तकांइतकं दुसऱ्या कोणी शिकवलं नाही.

वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना माझी विनंती आहे: आपल्या ग्रंथपालाला नोंदींइतकाच वाचनालाही वेळ द्या, तो कामाचाच भाग समजा. माझ्या सहकाऱ्यांना सांगणं आहे, की रोज थोडं तरी वाचा आणि वाचलेलं कोणाला द्यायचं ते लिहून ठेवा. आणि वाचकहो, तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात एखादं वाचनालय नक्की असेल. या आठवड्यात तिथे जा, वर्गणी भरा आणि टेबलावरच्या माणसाला विचारा, "सध्या तुम्ही स्वतः काय वाचताय?" त्याने जे नाव सांगितलं तेच पुस्तक घेऊन घरी या.